बाळाचं वजन करतो, पण आईला कोण विचारतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या बुधवारी मी प्रेशरच्या गोळ्या आणायला आमच्या आरोग्य केंद्रात गेले होते, तर व्हरांड्यातल्या बाकावर ४ बायका बसलेल्या. दोघी ओळखीच्या, एक वरच्या धनगरवाड्यावरची, तिला खाली उतरायलाच तास लागतो, आणि एक नवीन पोर, मांडीवर दोन-तीन महिन्यांचं बाळ. मला वाटलं डॉक्टरसाठी बसल्यात. विचारलं तर म्हणाल्या, ताईंची वाट बघतोय, आज बुधवार ना. ताई म्हणजे दर बुधवारी आमच्याकडे येणाऱ्या सायकॉलॉजिस्ट बाई. त्यांचं काँट्रॅक्ट मागच्या महिन्यात संपलं, प्रोजेक्टचे पैसे संपले म्हणे, आणि हे त्या चौघींना कोणीच कळवलं नव्हतं. शेवटी मीच सांगितलं. साडेबाराच्या बसने त्या परत गेल्या. ती नवीन पोर उठता उठता एवढंच म्हणाली, "मागीर आतां कोणाक सांगूं?" म्हणजे मग आता कोणाला सांगू. मला काही उत्तर देता आलं नाही, रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं, म्हणून हे पत्र.

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात ३२ वर्षं अंगणवाडी सेविका होते, २०२१ मध्ये निवृत्त झाले. माझं शिक्षण दहावी. मोठ्या गोष्टी मला लिहिता येणार नाहीत, पण जे डोळ्यांनी बघितलं ते लिहिते. खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

आमच्या कामात वजनकाटा म्हणजे सगळ्यात महत्त्वाची वस्तू. महिन्यातून एकदा बाळांची वजनं करायची, कार्डावर ठिपका मांडायचा, ठिपका हिरव्या पट्ट्यात असला की बरं, पिवळ्यात गेला की आईला बोलवून समजवायचं, त्याच्याही खाली गेला की नर्सबाईला कळवायचं. हे मी हजारो वेळा केलं असेल. एकदा, बरीच वर्षं झाली आता, एका बाळाचा ठिपका महिन्यामागून महिना खाली खाली येत गेला. तिसरी मुलगी होती ती घरातली. मी आईला बोलवून चांगलंच फैलावर घेतलं, दूध नीट पाजत नाहीस, आहार नेतेस तो कोण खातं, दिवसभर निजून असतेस म्हणे, घरात सासू एवढी राबते तुला लाज नाही वाटत. सगळ्या बायकांसमोर बोलले. ती काही बोललीच नाही. भिंतीकडे बघत राहिली. तिची सासू मला नंतर बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तिका भायलें लागलां." म्हणजे बाहेरची बाधा. मग देवळात कौल झाला, नारळ झाले, पुढे ती माहेरी गेली ती बरेच महिने आलीच नाही. बाळ वाचलं, आज ती मुलगी कॉलेजात जाते, एवढं देवाने बघितलं. पण त्या आईचं काय झालं होतं हे मला तेव्हा कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

२०१८ मध्ये ताई पहिल्यांदा आमच्या तालुक्यात आल्या तेव्हा आम्हा सेविकांची एक मीटिंग घेतली होती. त्यांनी विचारलं, बाळाचं वजन कमी झालं की तुम्ही काय करता? आम्ही सगळ्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, आणि आईला काय विचारता? आम्ही म्हटलं, दूध येतं का, काय खाते, पाळी आली का. त्या म्हणाल्या, "आणि तुला कसं वाटतं, हे कोणी विचारतं का?" मीटिंगमध्ये कोणीच बोललं नाही. मला ती भिंतीकडे बघणारी पोर आठवली आणि मला तिथंच रडू आलं.

तेव्हा ताईंनी सांगितलं ते मी वहीत उतरवून ठेवलेलं, अजून आहे ती वही. आपल्या गोव्यातच, म्हापशाच्या सरकारी हॉस्पिटलात बाळंतपणासाठी आलेल्या २७० बायकांचा अभ्यास झाला होता, २००२ साली तो छापून आला. बाळंत होऊन दीड-दोन महिने झाल्यावर त्यातल्या १०० मागे २३ बायका डिप्रेशनमध्ये होत्या. म्हणजे जवळजवळ चौथी बाई. कोणाला जास्त, तर गरिबी असेल, नवऱ्याचा मार असेल, आणि मुलगी झाली असेल, त्यांना. पुढच्या वर्षी दुसरा अभ्यास आला तो बाळांचा, आई डिप्रेशनमध्ये असेल तर सहाव्या महिन्यात बाळाचं वजन फार कमी असण्याची शक्यता दुपटीहून जास्त. १०० मागे १२ बाळं कुठं आणि ३० कुठं. हे सगळं आपल्याच राज्यात, आपल्याच हॉस्पिटलात सापडलेलं, आणि मी त्याच वर्षांत सत्तरीत वजनकाटा घेऊन बसलेले आणि मला ह्यातला एक शब्द कोणी सांगितला नव्हता. मी त्या बायकांना आळशी म्हणत होते. ह्याचं दुःख मला मरेपर्यंत राहणार.

आता ताईंच्या कामाबद्दल. सायकॉलॉजिस्ट गावात येऊन नेमकं काय करते हे पुष्कळांना कळत नाही, मलाही कळत नव्हतं. पहिले दोन-तीन महिने त्यांच्याकडे कोणी फिरकलंच नाही. एक खोली दिलेली, दारावर पाटी लावलेली 'मानसिक आरोग्य सल्ला', आणि त्या पाटीखालून आत जाताना सगळा व्हरांडा बघणार, मग कोण जाईल? आमच्याकडे अजून 'पिशें लागलें', म्हणजे वेड लागलं, हा एकच शब्द आहे सगळ्याला. माझ्या लहानपणी मनाच्या आजाराचं सरकारी हॉस्पिटल पणजीत आल्तिनोवर होतं आणि कोणी जरा वेगळं वागलं की पोरं 'ह्याला आल्तिनोवर न्या' म्हणून चिडवायची, आम्हीही चिडवायचो. नंतर ते हॉस्पिटल बांबोळीला गेलं पण चिडवणं गेलं नाही. ताईंनी काय केलं, डॉक्टरांना विचारून ती पाटीच काढायला लावली आणि प्रेशर, शुगर तपासतात त्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. दुसरं म्हणजे त्या आधी गुरुवारी यायच्या. गुरुवार दत्ताचा वार, साखळीला दत्तवाडीच्या देवळात मनाने आजारी माणसाला घेऊन जायची आपल्याकडे जुनी श्रद्धा आहे, ज्यांना खरी गरज ती माणसं त्या दिवशी तिकडे. हे कोणीतरी त्यांना सांगितलं आणि त्यांनी वार बदलून बुधवार केला. त्यांनी कधीही कोणाला देवळात जाऊ नका म्हटलं नाही. कौल घ्या, नारळ ठेवा, आणि बुधवारी माझ्याकडेही या, असं म्हणायच्या. त्यामुळे सासवा त्यांच्या बाजूने झाल्या, आणि सासू बाजूने झाली की सून येऊ शकते, हे आमच्याकडचं गणित आहे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी तीच. ताई शिकल्या इंग्रजीतून, पण इथं येऊन त्यांनी डिप्रेशन, अँग्झायटी हे शब्द तोंडातून काढलेच नाहीत. आमच्याकडे बाई डॉक्टरकडे जाऊन माझं मन उदास आहे असं कधीच सांगत नाही. ती म्हणते कंबर धरलीय, अंगात त्राण नाही, अंगावरून पांढरं जातं, काळजात धडधडतं, जेवण घशाखाली उतरत नाही. मग डॉक्टर टॉनिक देतात, व्हिटॅमिनच्या गोळ्या देतात, ती महिन्याने परत येते. ताईंनी सांगितलं की ह्या पांढरं जाण्याच्या तक्रारीवरही गोव्यातच मोठा अभ्यास झालाय आणि त्यात दिसलं की बऱ्याच बायकांत त्या तक्रारीचा संबंध इन्फेक्शनपेक्षा मनावरच्या ओझ्याशी जास्त होता. मला ऐकून नवल नाही वाटलं, मी ३२ वर्षं त्याच तक्रारी ऐकत होते, फक्त जोडून बघितलं नव्हतं. ताई नुसतं विचारायच्या, "न्हीद पडटा गो तुका?" झोप लागते का. झोपेपासून सुरू झालेलं बोलणं अर्ध्या तासाने कुठं जाऊन पोचायचं ते मी बघितलंय.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे, पुढे कोसळणाऱ्या बाईवर हात पसरून उभा असलेला तो. ते कांदोळीचे पाद्री, जन्म १७५६ चा, माणसाच्या मनावर शब्दाचा परिणाम कसा होतो हे त्यांनी जगाला दाखवलं, आणि आल्तिनोवरच्या त्या जुन्या हॉस्पिटलला त्यांचंच नाव होतं. त्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, पोर्तुगालमध्ये राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि घाबरून शब्द फुटेना, तेव्हा वडील खालून कोकणीत हळूच म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी", म्हणजे समोरची माणसं नुसती भाजी समज आणि काप, आणि त्यांची जीभ मोकळी झाली. ताईंनी ही गोष्ट आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेली. आपल्या माणसाने आपल्या बोलीत योग्य वेळी म्हटलेले चार शब्द. मला तेव्हापासून तो पुतळा बघितला की वेगळंच वाटतं.

आता कोणी म्हणेल नुसतं बोलून काय होतं. नुसतं बोलणं नव्हतं ते. वरच्या धनगरवाड्यावरची जी बाई मी सुरवातीला सांगितली, तिचा मुलगा वारला त्यानंतर ती उठेनाच. वाड्यावर घरं तीन, शेजारीण म्हणायला एक म्हातारी, नवरा दिवसभर गुरांमागे. ताई माझ्याबरोबर चालत वर गेल्या, पावसाचे दिवस, जळवा पायाला. तिच्याशी बोलून एक कागद घेतला, त्यावर चित्रं काढली कारण तिला वाचता येत नाही, दारात येऊन बसणं, तुळशीला पाणी, म्हशीच्या अंगावरून हात फिरवणं, म्हातारीकडे जाऊन बसणं. म्हणाल्या, मनाला बरं वाटलं की करीन असं नको, आधी एवढंसं कर, बरं वाटणं मागनं येईल. रोज एक चित्र, केलं की त्यावर कोळशाने टिंब. पुढच्या बुधवारी दोन टिंबं होती. त्याच्या पुढच्या बुधवारी पाच. सहाव्या भेटीला ती स्वतः चालत खाली आली, मला बघून हसली, मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदा. मुलाचं दुःख गेलं असं नाही, ते कसं जाईल, पण ती जेवायला लागली, बोलायला लागली. परवाच्या बुधवारी ती त्या बाकावर बसलेली होती, मुलाच्या वर्षश्राद्धाचा महिना जवळ आला की तिला त्रास होतो, म्हणून आलेली.

ताई म्हणायच्या ह्या पद्धतीची खरी परीक्षाही गोव्यातच झालीय. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये इथं संगाथ ही संस्था काढली, त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रांत हे करून बघितलं. ताई त्या संस्थेच्या नव्हेत, पण त्यांचं नाव नेहमी आदराने घ्यायच्या. २०१० साली त्यांचा एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात समुपदेशन करणाऱ्या मुली डॉक्टर नव्हत्या, सायकॉलॉजिस्टही नव्हत्या, इथल्याच साध्या शिकलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या. सरकारी केंद्रांत ज्यांना ही मदत मिळाली त्यातले सहा महिन्यांनी १०० मागे ६५-६६ बरे झाले, ज्यांना नेहमीचेच उपचार त्यांच्यात ४२-४३. मग २०१७ मध्ये १० आरोग्य केंद्रांतला अभ्यास, ४९५ माणसं, सगळी चांगलीच डिप्रेशनमध्ये असलेली, ६ ते ८ भेटी, ती चित्रं-टिंबांसारखीच पद्धत, तीन महिन्यांनी ही मदत मिळालेल्यांत १०० मागे ६४ जण आजारातून बाहेर तर नेहमीच्या उपचारवाल्यांत ३९. जगातल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात हे आलं, बाहेरच्या देशांतले लोक गोव्याचं उदाहरण देतात, आणि आमच्या व्हरांड्यात बुधवारी खुर्ची रिकामी. हे मला सहन होत नाही, साहेब.

पुरुषांचं वेगळं. पुरुष 'मनाचं' म्हणून कधीच येणार नाहीत, ते येणार पोटात जळजळतं, हात थरथरतात, झोप नाही म्हणून. माझा दीर त्यातलाच. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा त्याचा ट्रक होता, पिसुर्ले-होंडा भागात खनिज वाहायचा, बँकेचं कर्ज डोक्यावर. मध्ये थोडं सुरू झालं, मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीजं रद्द केली आणि परत सगळं बंद. ट्रक अंगणात उभा राहून गंजला आणि हा त्या ट्रकच्या सावलीत बसून प्यायला लागला. काजूच्या दिवसांत आमच्याकडे घराघरात हुर्राक, म्हणजे काजूची दारू, असतो, त्यात कोणी किती घेतो हे बघणार कोण, पण ह्याचं पावसातही चालू राहिलं. जाऊबाई रडून माझ्याकडे आली. शपथ घालून झाली, देवाच्या पायरीवर हात ठेवून झाला, चार दिवस टिकायचं. मी त्याला पोटाची तपासणी म्हणून केंद्रात नेलं आणि ताईंच्या शेजारच्या बाकावर बसवलं. ताईंनी त्याला दारू सोड असं पहिल्या भेटीत म्हटलंच नाही. किती घेतोस, कधी घेतोस, घेतल्यावर काय बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी काय गमावतोस, हे सगळं त्याच्याच तोंडून काढून घेतलं. चार भेटी झाल्या. ह्या पद्धतीचाही अभ्यास झालाय गोव्यात, ३७७ पुरुषांवर, तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा मागच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले १०० मागे ४२ निघाले, नेहमीच्या उपचारवाल्यांत १८. माझा दीर त्या ४२ मध्ये बसेल का मला माहीत नाही, खोटं लिहिणार नाही, तो आजही लग्नात-जत्रेत घेतो. पण सकाळी उठून घेणं बंद झालं, बागायतीत जातो, जाऊबाईवर हात उचलत नाही. आमच्या घरासाठी ते खूप आहे.

आणखी एक महत्त्वाचं सांगायला हवं. ताई डॉक्टर नव्हेत, औषध लिहून देत नाहीत, आणि कुठं आपलं काम संपतं हे त्यांना नीट माहीत होतं. एका घरात कॉलेज सोडलेला मुलगा होता, कोणीतरी आपल्याबद्दल बोलतंय असे आवाज त्याला यायचे, रात्ररात्र जागायचा. घरचे घाडीकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, फिरून थकलेले. ताईंनी एका भेटीतच सांगितलं की हे बोलून बरं होणारं नाही, ह्याला बांबोळीला न्यायलाच हवं, औषध लागणार. नुसतं चिठ्ठी लिहून मोकळ्या झाल्या नाहीत, त्याच्या वडलांबरोबर बसमध्ये बसून गेल्या. इथून बांबोळी म्हणजे काय ते पणजीतल्या माणसाला कळणार नाही, गावातून वाळपई, वाळपईहून पणजी, पणजीहून बांबोळी, सकाळची पहिली बस चुकली तर ओपीडी चुकली, वडलांचा दिवस बुडला, आणि हे दर महिन्याला. मुलगा आज औषधावर बरा आहे, भावाच्या दुकानात बसतो. पण औषध आणायला अजून तिकडेच जावं लागतं, आणि ताई असताना निदान महिन्यातून एकदा फोन करून घेतलं की नाही विचारायच्या, आता ते विचारणारं कोणी नाही. अशी औषधं मध्येच सुटली की काय होतं हे ज्यांच्या घरात घडलंय त्यांनाच ठाऊक.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मी ताईंकडूनच ऐकला. त्यात लिहिलंय की प्रत्येक माणसाला सरकारकडून मनाच्या आजारावर उपचार मिळण्याचा हक्क आहे, परवडेल अशा किमतीत, पोचता येईल अशा जागी, आणि आरोग्य केंद्रापासून सगळ्या पातळ्यांवर हे उपचार इतर उपचारांबरोबरच मिळायला हवेत. त्याच कायद्यात हेही आहे की जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार धरायचं नाही, तो फार मोठ्या ताणाखाली होता असंच मानायचं आणि त्याला मदत पोचवायची जबाबदारी सरकारची. आमच्या गावात अजून लोकांना वाटतं की अशी गोष्ट हॉस्पिटलात सांगितली तर पोलीस केस होऊन पोराचं आयुष्य जाईल, म्हणून लपवतात, आणि लपवल्यामुळे पुढे काय होतं ते मी एकदा बघितलंय, त्याबद्दल जास्त लिहिवत नाही.

टेलि-मानस म्हणून फोन सेवा आहे, १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालते, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालीय. चांगली आहे, ज्यांना फोन करता येतो त्यांनी जरूर करावा, मी स्वतः दोघातिघांना नंबर लिहून दिलाय. पण धनगरवाड्यावर रेंज नाही. जिथं रेंज आहे तिथं फोन एकच, तो नवऱ्याच्या खिशात, आणि घर दोन खोल्यांचं, सासू ऐकत असताना सून फोनवर काय बोलणार? आरोग्य केंद्रातला तो बाक तिला घरातून बाहेर पडायला कारण देतो, बाळाला डोस द्यायला जाते म्हणून ती निघू शकते. ह्या साध्या गोष्टी आहेत पण ठरवणाऱ्यांनी त्या लक्षात घ्यायला हव्यात.

कोणी म्हणेल की मग अंगणवाडी सेविकांनाच ट्रेनिंग द्या, त्या गावातच असतात. ह्याला माझा होकार आहे आणि नकारही. ताईंनी आमच्यातल्या काही जणींना शिकवलं, ऐकायचं कसं, मध्ये सल्ला द्यायचा नाही, ऐकलेलं विहिरीवर बोलायचं नाही, कोणाला लगेच डॉक्टरकडे पाठवायचं. मी ते शिकले आणि दहावी शिकलेली बाई हे करू शकते हे मी स्वतःवरून सांगते. पण एकदा ऐकायला लागलं की ते ओझं आपल्या अंगावर येतं. एका पोरीने मला जे सांगितलं त्यानंतर मला आठ दिवस जेवण गेलं नाही. तेव्हा ताई होत्या म्हणून मी सावरले, दर महिन्याला आम्ही बसायचो, कोणी काय ऐकलं, कुठं चुकलं, पुढं काय करायचं. त्या अभ्यासांतही असंच होतं म्हणे, समुपदेशन करणाऱ्या मुली एकमेकींचं काम ऐकून एकमेकींना दुरुस्त करायच्या आणि वर जाणकार माणूस असायचा. ते वरचं माणूस काढून घेतलं आणि खाली सेविकेच्या हातात आणखी एक रजिस्टर दिलं, मोबाईलच्या ॲपमध्ये आणखी एक रकाना भरायला लावला, तर त्यातून काहीच होणार नाही, उलट माणसं दुखावतील. सेविकांच्या मानधनात आधीच किती काम कोंबलंय हे मी सांगायला नको. ट्रेनिंग द्या, पण त्याचे वेगळे पैसे द्या आणि पाठीशी सायकॉलॉजिस्ट ठेवा.

ताईंबद्दल माझी तक्रार नाही, त्या कुठून पोट भरणार, काँट्रॅक्ट संपल्यावर त्यांना जावंच लागलं. शेवटच्या बुधवारी त्यांनी स्वतःचा नंबर काही जणांना दिला, अजून फोन घेतात, पण त्या आता दुसरीकडे नोकरीला आहेत आणि हे असं किती दिवस चालणार. माझी तक्रार ही की हे काम मुळात प्रोजेक्ट म्हणून का चालावं. वजनकाटा प्रोजेक्ट नाही, तो कायमचा आहे. पोलिओचे डोस, गरोदर बायकांची तपासणी, हे कोणी दोन वर्षांसाठी आणून मग परत नेत नाही. मग मनाचंच का?

म्हणून आरोग्य खात्याला आणि आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींना माझी हात जोडून विनंती आहे. सत्तरीसारख्या, सांगे, काणकोण, धारबांदोडा, पेडणेसारख्या दूरच्या तालुक्यांत प्रत्येकी एक तरी सायकॉलॉजिस्टची कायमची जागा काढा. ती व्यक्ती इथली बोली बोलणारी हवी, किंवा ताईंसारखी शिकायची तयारी असलेली. तिचा वार ठरलेला हवा आणि वाड्यावर जायला गाडी हवी. बांबोळीला एकदा निदान झालेल्या माणसाचं महिन्याचं औषध त्याच्या जवळच्या केंद्रात मिळावं. बाळाच्या वजनाच्या कार्डाबरोबर आईलाही दोन प्रश्न विचारले जावेत, झोप लागते का आणि तुला कसं वाटतं, आणि झोप नाही, बरं वाटत नाही असं ती म्हणाली तर तिला पाठवायला जागा असावी, नाहीतर विचारू नये. आणि कुठलीही सेवा बंद करायची असेल तर त्या बाकावर येऊन बसणाऱ्या माणसांना आधी सांगावं, निदान एवढी तरी दया असावी.

येत्या बुधवारी मी परत केंद्रात जाऊन बसणार आहे. ती नवीन पोर बाळाचा डोस द्यायला येणार असं नर्सबाईंनी सांगितलंय. मी तिचं ऐकून घेईन, मला जमेल तेवढं. पण ताई कधी येणार असं तिने विचारलं तर सांगायला माझ्याकडे एक तारीख हवी, ती कोणीतरी द्यावी.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, सत्तरी